तीन देशांच्या गाड्या, एक वर्गणी

फोंड्याला माझ्या थोरल्या बहिणीचे घर आहे. तिचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, मालवाहू जहाजांवर इंजिनियर होते. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात. सत्तरच्या दशकापासून पंचवीस वर्षे ते समुद्रावर होते. इतर तारवटी सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डर, घड्याळे, साड्या घेऊन येत. भावोजीही ते सगळे आणत, पण त्यांच्या पेटीच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एखादी छोटी आगगाडीही असे. लिव्हरपूलच्या जुन्या बाजारात एक मिळाली, हॅम्बुर्गच्या दुकानात एक, बाल्टिमोरला एक संच, असे करत करत लोखंडी कपाटाचे तीन खण भरले. भावोजी गेले, वर्षश्राद्ध झाले, तेव्हा ताईने कपाटाची किल्ली मुलाच्या हातात दिली.

भाचा वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे, मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पहिल्याच रविवारी त्याने यादी केली. एकूण नग ४६. त्यांपैकी ब्रिटिश हॉर्नबी डब्लो ३१ आणि त्यात इंजिने सात. जर्मन मेर्कलिन ११, इंजिने दोन. उरलेले चार नग म्हणजे अमेरिकन लायनेलचा एक संच. शिवाय रूळ, सांधे, तीन ट्रान्सफॉर्मर आणि कसर लागलेले पुठ्ठ्याचे खोके.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "मामा, कुठल्या तरी संग्राहकांच्या क्लबात नाव घालावे म्हणतो. पण कुठल्या?"

मी बंदरात विजेच्या खात्यात नोकरी केली. भावोजी घरी असले की त्यांच्या गाड्यांची वायरिंग मीच बघायचो, म्हणून त्याने मला विचारले. वर्गणी एकाच मंडळाची भरायची हे त्याने आधीच ठरवले होते. कारखान्याच्या पाळ्या सांभाळून आठवड्याला मिळतात तीन-चार तास, ते पाच ठिकाणी वाटले तर कुठेच पुरत नाहीत. त्याचा हा विचार मला आजही बरोबर वाटतो.

घाई का झाली

दोन गोष्टी एकदम घडल्या. मुंबईहून एक खरेदीदार आला. त्याने खण उघडे केले, पाच मिनिटे पाहिले आणि सगळ्या मालाचे मिळून साठ हजार सांगितले. कोणत्या नगाचे किती, हे विचारल्यावर त्याने उत्तर दिले नाही. ताई म्हणाली, "देऊन टाकूया, घरात जागा नाही." भाच्याने आठ दिवस मागून घेतले.

त्याच आठ दिवसांत त्याने स्वतः गाडी चालवून बघायचा प्रयत्न केला. डब्लोचे लालसर रंगाचे मोठे इंजिन, डचेस ऑफ अ‍ॅथॉल, रुळावर ठेवले आणि तारा निळ्या ट्रान्सफॉर्मरला जोडल्या. तो ट्रान्सफॉर्मर मेर्कलिनचा होता. इंजिन जागेवर गुरगुरले, थरथरले आणि अर्ध्या मिनिटात हाताला चटका बसेल इतके तापले. नशिबाने त्याने लगेच तारा काढल्या.

दोन्ही गाड्यांचे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, दोन्हींना मधून वीज नेणारी तिसरी वाट, त्यामुळे नवख्याला त्या एकाच कुळातल्या वाटतात. पण डब्लो १२ व्होल्टच्या डीसीवर चालते आणि तिच्या मोटरीत कायम चुंबक असतो. मेर्कलिन एसीवर चालते. चालवायला १६ व्होल्टपर्यंत आणि दिशा बदलायला २४ व्होल्टचा क्षणभर झटका. कायम चुंबकाच्या मोटरीला एसी दिला की आर्मेचरला, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाला, सेकंदात शंभर वेळा उलटसुलट ओढ बसते. ते फिरत तर नाहीच, वर गुंडाळी तापते आणि साठ-सत्तर वर्षांचा चुंबक आणखी दुबळा होतो.

लायनेलचा ट्रान्सफॉर्मर तर त्याने भिंतीच्या सॉकेटात घातला असता तर जळून कोळसा झाला असता. तो अमेरिकेतला, ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा. आपल्याकडे २३० आणि ५०. पुष्कळ जण ११० व्होल्टचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घेतात आणि काम झाले असे समजतात. पण हर्ट्झ तेच राहतात, आणि वारंवारता कमी असली की त्याच व्होल्टेजला लोखंडाच्या गाभ्यावर पाचव्या हिश्शाने जास्त भार येतो. म्हणून मी डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज हवे तसे कमी-जास्त करायचे यंत्र, लावून ११५ च्या पाच-षष्ठांशावर, ९६ व्होल्टच्या आसपास, आणून देतो. ट्रान्सफॉर्मर नुसता कोमट राहतो.

त्या दिवसापासून क्लब शोधायचे खरे कारण बदलले. आधी त्याला कुठे तरी सभासद व्हायचे होते. आता त्याला विचारायला माणूस हवा होता.

माझा पहिला सल्ला, जो चुकला

मी त्याला सांगितले, ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन घे. १९५४ पासूनची संस्था, पेनसिल्व्हेनियात स्ट्रासबर्गला मुख्यालय आणि खेळण्यातल्या गाड्यांचे मोठे संग्रहालय, शिवाय यॉर्क गावी वर्षातून दोनदा भरणारा त्यांचा बाजार, जिथे सगळ्या जगातले संग्राहक जातात. भावोजी तिचे नाव घ्यायचे. माझ्या डोक्यात तेच नाव बसले होते. तिन्ही देशांच्या गाड्या असल्या तर मोठ्या छत्रीखाली उभे राहावे, असा माझा हिशेब.

भाच्याने ऐकून घेतले आणि कारखान्यातल्या सवयीने एक वही काढली. म्हणाला, "मामा, क्लब काय देतो हे नंतर बघू. मला काय विचारायचे आहे ते आधी लिहितो." चौदा दिवस वही कपाटापाशी ठेवली. एखादा नग हातात घेतला आणि अडले, की तारीख टाकून प्रश्न लिहायचा. चौदा दिवसांत २२ प्रश्न झाले. डब्लोचे १३, मेर्कलिनचे ४, लायनेलचे २ आणि दमट हवा, सीमाशुल्क, विमा असले सर्वसाधारण ३.

माझा सल्ला इथेच लंगडा पडला. अमेरिकन संस्थेचे बळ लायनेल आणि तिच्या सख्ख्या-चुलत गाड्यांत, आणि त्याचे लायनेलचे प्रश्न होते दोन. त्यातला ट्रान्सफॉर्मरचा मी घरीच सोडवला होता. यॉर्कचा बाजार कितीही मोठा असला तरी फोंड्याहून तिथे जायचे कुणी? परदेशी मंडळाचा अर्धा फायदा अंगणात भरतो. मेळावा, अदलाबदल, एखाद्या रविवारी कुणाच्या तरी तळघरात जाऊन गाड्या बघणे. तो समुद्र ओलांडत नाही. लायनेल कलेक्टर्स क्लब ऑफ अमेरिका, १९७० चा, त्याच कारणाने यादीतून गेला.

एक गोष्ट मात्र त्या संस्थेकडून सभासद न होताच घेतली, आणि तिचा सर्वांत जास्त उपयोग झाला. नगाची अवस्था एक ते दहाच्या मापात लिहायची त्यांची पद्धत संग्राहकांत सगळीकडे चालते. सात म्हणजे उत्तम, आठ म्हणजे जवळजवळ नवा, दहा म्हणजे अस्पर्श. खोक्याला वेगळे गुण. भाच्याने ४६ नगांना गुण दिले, मी माझे वेगळे दिले आणि जिथे दोनपेक्षा जास्त फरक पडला तिथे पुन्हा उजेडात नेऊन पाहिले. एका मालडब्याला त्याने आठ दिले होते. भिंगाखाली कडेला ब्रशचे ओरखडे दिसले, कुणी तरी पूर्वी नव्याने रंगवला होता. रंगवलेल्या नगाची किंमत संग्राहकांच्या लेखी उतरते, कितीही सुबक रंगवलेला असला तरी. ती यादी घेऊन बसल्यावर ताईनेच मुंबईच्या माणसाला नाही म्हणून कळवले. प्रत्येक नगापुढे आकडा असलेला माल कुणी एकगठ्ठा मागत नाही, हे तिला आमच्याआधी कळले.

एकाच नावाची दोन दारे

तेरा प्रश्न डब्लोचे, तेव्हा हॉर्नबीचे मंडळ घ्यायचे इतके उघड झाले होते. तरी पैसे चुकीच्या ठिकाणी जाता जाता राहिले.

हॉर्नबी नावाखाली दोन वेगळी मंडळे आहेत. एक खुद्द आजच्या हॉर्नबी कंपनीचे, जे नव्या मॉडेलांभोवती फिरते. दुसरे हॉर्नबी रेल्वे कलेक्टर्स असोसिएशन, १९६९ मध्ये संग्राहकांनीच काढलेले, जे लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मेकॅनो कंपनीने केलेल्या जुन्या हॉर्नबीचे आहे. तिथली पहिली हॉर्नबी गाडी १९२० ची आणि डब्लो १९३८ ची. १९६४ मध्ये मेकॅनो कंपनी ट्रायअँग या दुसऱ्या खेळण्यांच्या कंपनीवाल्यांनी घेतली, डब्लोचे उत्पादन थांबले आणि हॉर्नबी हे नाव त्यांच्या मारगेटच्या कारखान्यातल्या गाड्यांना लागले. डब्लोचे बरेच साचे रेन नावाच्या कंपनीकडे गेले आणि तिने त्यांतून वेगळ्या नावाने इंजिने काढली. म्हणजे नाव एकीकडे गेले, साचे दुसरीकडे, आणि बिन्स रोडचा कारखाना १९७९ मध्ये बंदच झाला. भाचा कंपनीच्या मंडळाचा अर्ज भरून कार्ड क्रमांक घालणार होता, तेवढ्यात त्याच्या लक्षात आले की त्या पानावरचे एकही चित्र कपाटातल्या गाडीसारखे नाही.

या प्रसंगातून मला जे उमजले, त्यासाठी हे सगळे लिहितो आहे. ज्या गाडीचा कारखाना चालू आहे तिला मंडळाची गरज कमी. मेर्कलिन १८५९ पासून आहे आणि आजही गोपिंगनमध्ये गाड्या करते, तिच्या जुन्या इंजिनांच्या मोटरीचे ब्रश आणि चाकांचे टायर आजही मिळतात. त्यांचा इन्सायडर क्लब १९९३ पासून आहे. सभासदांसाठी दरवर्षी खास मॉडेल निघते, ते सुंदर असते, पण ते विकत घ्यावे लागते. आपल्याकडे २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचे सीमाशुल्क २० वरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७०, आणि मापात केलेली मॉडेले त्याच शीर्षकाखाली येतात. दरवर्षी नवे इंजिन मागवायचे नसेल तर त्या मंडळाचा अर्थ उरत नाही. डब्लोचे उलटे आहे. तिचा कारखाना गेला, नकाशे आणि सुटे भाग विखुरले, कामगार वारले. कोणता स्क्रू कोणत्या वर्षी बदलला हे आता फक्त संग्राहकांना माहीत आहे. तिथे वर्गणी भरणे म्हणजे त्या माणसांपर्यंत पोचणे.

मधला एक मोह

सगळे ठरत आले असताना भाचा तीन आठवडे भलतीकडे गेला, आणि मी त्याला अडवले नाही. त्याला गोव्याची रेल्वे उभी करायची होती. कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंतचा घाट, दूधसागर, बोगदे. मुरगावहून निघणारी ती लाईन पोर्तुगीज काळातली, १८८० च्या दशकातली, मीटर गेजची. नव्वदच्या दशकात ती ब्रॉडगेज झाली. भावोजी सुट्टी संपवून कधी कधी त्या मीटर गेजच्या गाडीने जायचे आणि त्यांना पोचवायला वास्कोला गेल्याचे भाच्याला पुसटसे आठवते.

असे उभे करायचे तर मंडळ कोणते? नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन, १९३५ ची. चाकांची, रुळांची मापे ठरवणारी, डिजिटल नियंत्रणाचे प्रमाण घालून देणारी, करून शिकणाऱ्यांची संस्था. आम्ही कागदावर गणित मांडले. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. छोट्या गाड्यांच्या एचओ नावाच्या १:८७ मापात त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटरचा रूळ लागतो आणि बाजारात मिळतो साडेसोळाचा. त्या रुळाला धरून गाडी करायची तर माप १:१०१ च्या पुढे जाते, ज्यात तयार काहीच मिळत नाही. जुनी मीटर गेज केली तर मात्र १:८७ ला १२ मिलिमीटरचा रूळ चालतो आणि तो युरोपातल्या छोट्या रेल्वेंसाठी विकला जातो. घाटाचा चढ १:३७ चा. तीन मीटर लांबीच्या टेबलावर गाडी आठ सेंटिमीटर चढेल, म्हणजे खालून दुसरी गाडी जेमतेम जाईल. मला हे गणित फार आवडले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तरी हा वेगळा छंद आहे. त्यात भावोजींचा एकही नग बसत नाही. भाचा कुटुंबासह पुण्याला गेला, कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी १९९८ मध्ये उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहून आला. परत आल्यावर म्हणाला, "मामा, दिवे लागले, गाड्या धावल्या, मुलं हरखली. पण मी सगळा वेळ त्या गाड्या उघडल्या तर आत काय असेल तेच बघत होतो." तेव्हा कळले की त्याला घाट बांधायचा नाही, इंजिन दुरुस्त करायचे आहे. खऱ्या रेल्वेवर प्रेम करणाऱ्यांचा इंडियन रेल्वेज फॅन क्लब १९८९ पासून आहे, तिथे तो वाचतोच.

अर्ज आणि नंतरचे वर्ष

अर्ज करण्याआधी त्याने तीनच गोष्टी विचारल्या. अंक संगणकावर वाचायला मिळतो का, परदेशी सभासदाच्या पत्राला उत्तर कोण देतो, आणि जुने अंक पाहता येतात का. तिन्हींची उत्तरे समाधानाची आली, त्याने वर्गणी भरली.

पहिला प्रश्न निळ्या इंजिनाचा धाडला. सर नायजेल ग्रेसली, ओतीव धातूची टोपी, म्हणजे वरचे कवच, कडेला केसासारख्या भेगा आणि मध्ये फुगल्यासारखे. फोटोवरून उत्तर आले, आधी डबे अडकवायची जोडणी पाहा. सपाट पोलादी पट्टीची असेल तर इंजिन दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे, नंतरच्या काळातली जोडणी वेगळी आहे. पाहिले तर सपाट पट्टीच. त्या काळच्या जस्ताच्या ओतकामात शिसे वगैरेची भेसळ राहिली की धातू आतून कणाकणाने सुटत जातो, आणि दमट हवेत लवकर सुटतो. याला औषध नाही. दुसऱ्या गाड्यांना लागण मात्र होत नाही, त्यामुळे वेगळे ठेवायची घाई नको. स्क्रू आवळू नयेत, टोपी ओढून काढू नये, कोरड्या जागी ठेवावे. हे वाचून ताईच्या डोळ्यांत पाणी आले. ते इंजिन भावोजींनी पहिल्या सफरीत घेतले होते.

कोरड्या जागेचे काम भाच्याच्या हातचे. जुलैत त्याने कपाटात आर्द्रतामापक ठेवला तर ८४ टक्के. औषधाच्या बाटल्यांत सिलिका जेल का घालतात हे त्याला शिकवावे लागत नाही. दारांना रबरी पट्टी लावली, प्रत्येक खणात जेलच्या पिशव्या टांगल्या, दर पंधरा दिवसांनी ओव्हनमध्ये सुकवायच्या. आता पावसातही आकडा पन्नासच्या आसपास राहतो. पुठ्ठ्याचे खोके कसर काढून वेगळ्या डब्यात ठेवले.

डचेसचा चुंबक माझ्या अंदाजाप्रमाणे गेलाच होता. भाचा आर्मेचर काढून चुंबक नुसता टेबलावर ठेवणार होता. एका जुन्या सभासदाचा निरोप वेळेवर आला की आर्मेचर काढताच चुंबकाच्या तोंडावर लोखंडाचा तुकडा ठेवावा, नाहीतर उरलेली ताकदही जाते. त्याने दोन उपाय सांगितले. एक, चुंबकाला पुन्हा भारित करणे, ज्याचे यंत्र आमच्याकडे नाही. दुसरा, मापाचे नियोडिमियम चुंबक बसवणे, मूळ भागाला भोक न पाडता. मूळ चुंबक चिठ्ठी लावून पाकिटात ठेवावा, पुढे कुणाला पूर्ववत करायचे असेल तर. चुंबक आणि ब्रश लहानशा पाकिटातून आले. शुल्क पडले, पण मूळ रक्कमच इतकी थोडी की जाणवले नाही.

वर्षअखेर वही उघडली. तेरांपैकी अकरा प्रश्न सुटले. दोन सुटले नाहीत. एका टँक इंजिनाचे वर्ष नक्की होत नाही आणि एका सांध्याची स्प्रिंग मिळत नाही. विक्रीच्या याद्या आमच्या कामाच्या नाहीत, मेळाव्यांची छायाचित्रे नुसती पाहायची. मेर्कलिनचे चारपैकी तीन प्रश्न मंडळाविना, कंपनीच्या कागदांवरून सुटले. लायनेल खोक्यातच आहे.

चतुर्थीला ताईने माटोळीखालची, म्हणजे गणपतीच्या वर फळे-पाने टांगतात त्या चौकटीखालची, जागा मोकळी ठेवली. चौरंगाभोवती तीन वाटांचा गोल रूळ, त्यावर डचेस आणि मागे दोन डबे. आरती झाल्यावर भाच्याने हळूहळू बटण फिरवले. शेजारची मुले सुपारीचे घोस आणि तोरिंजनाखाली पालथी पडून बघत होती. ताई दारातच उभी होती. गाडी तिसऱ्या फेरीला तिच्यासमोर आली तेव्हा म्हणाली, "ह्यांनी ही कधीच चालवली नव्हती. जपून ठेवायचे."

वर्गणी नव्याने भरायची तारीख जवळ आली आहे. वहीत या वर्षीचे नऊ प्रश्न झालेत, त्यांतले पाच मेर्कलिनच्या दिशा बदलणाऱ्या रिलेचे. काल फोनवर भाचा म्हणाला, "मामा, आणखी दोन महिने लिहितो, मग बसूया."